कमोड कोणाच्या घरी

कमोड फुटला तो गुरुवारी, दुपारी तीनच्या सुमारास. सुनेत्रा हॉलमध्ये चार मुलांची गणिताची शिकवणी घेत होती. आतून काहीतरी जड आदळल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ तिच्या सासऱ्यांचा खणखणीत आवाज, "मेलात का सगळे?"

ती धावली. ब्याऐंशी वर्षांचे निशिकांतराव कमोड आणि भिंत यांच्या बेचक्यात अडकून बसले होते. उठताना आधाराला म्हणून त्यांनी फ्लशच्या टाकीचं झाकण धरलं, ते निसटून भांड्यावर आपटलं आणि भांड्याला पार बुडापर्यंत तडा गेला. कोपरातून रक्त वाहत होतं. पायजमा घोट्याशी गोळा झाला होता. सुनेत्राने त्यांच्या काखेत हात घालून त्यांना उभं केलं, पायजमा वर ओढला, नाडी बांधली. गेली चार वर्षं हे ती रोजच करत होती.

"हळू. हात आहेत की फावडी," ते म्हणाले.

बाहेर शिकवणीची मुलं पेन्सिली हातात धरून चिडीचूप बसली होती. पुढच्या आठवड्यात त्यातली दोन आलीच नाहीत.

कोपराला पाच टाके पडले. दवाखान्यात उल्काताई आल्या. सुनेत्राच्या नवऱ्याची, दिलीपची, त्या थोरली बहीण. बँकेत मोठ्या हुद्द्यावर होत्या आणि याच परदेशी शहरात, बिशान भागातल्या महागड्या कॉन्डोत राहायच्या. त्यांनी वडिलांच्या कपाळावर हात ठेवला, टाके पाहिले आणि डॉक्टरांच्या देखत सुनेत्राला म्हणाल्या, "मी मागेच सांगितलं होतं, तो कमोड बुटका आहे म्हणून. ऐकतं कोण?"

सांगितलं होतं खरं. गौरीच्या जेवणाला आल्या होत्या तेव्हा, पुरणपोळीवर तूप वाढून घेताना. उल्काताई महिन्या-दोन महिन्यांनी सेम्बावांगला सुनेत्राच्या घरी यायच्या, तासभर बसायच्या, घरात काय काय चुकतंय ते सांगायच्या आणि सुनेत्राने भरून दिलेला डबा घेऊन जायच्या. निशिकांतराव त्या दिवशी सकाळपासून खिडकीशी बसायचे. लेक गेली की दोन दिवस तिचंच कौतुक चालायचं.

"नवा कमोड मी निवडणार," उल्काताईंनी तिथेच जाहीर केलं. "या वेळी काटकसर नको."

"तुम्ही दोघी मिळून ठरवा ना," दिलीप म्हणाला. वडिलांच्या बाबतीतल्या कुठल्याही प्रश्नाला त्याचं हे एवढंच उत्तर असायचं. सुनेत्रा त्याच्याकडे बघत राहिली. तो फोनमध्ये काहीतरी शोधू लागला.

शनिवारी बालेस्टियर रोडवरच्या दुकानात भेटायचं ठरलं. दिलीपला ऑफिस होतं. सुनेत्राने निघण्यापूर्वी टेप घेऊन माप काढलं. भिंतीपासून सांडपाण्याच्या पाइपच्या मध्यापर्यंत बरोबर सहा इंच. ते वहीच्या कागदावर लिहून पर्समध्ये ठेवलं आणि निशिकांतरावांना टॅक्सीत घालून बरोबर नेलं.

उल्काताई दुकानाच्या दारातच उभ्या होत्या. "बाबांना कशाला आणलंस? हे काय फिरायचं ठिकाण आहे?"

"बसायचं त्यांनाच आहे," सुनेत्रा म्हणाली.

दुकानात तीस-चाळीस कमोड ओळीने मांडले होते. मिस्टर गो नावाचा विक्रेता पुढे आला. सुनेत्राने त्याला सांगितलं की यांना बसून बघायचंय. "कॅन, कॅन," तो म्हणाला आणि त्याने एकेक झाकण बंद करून दिलं. निशिकांतराव काठी टेकत पहिल्यावर बसले, उठले, नाही म्हणाले. दुसऱ्यावर बसले. तिसऱ्यावरून त्यांना उठताच येईना, तेव्हा सुनेत्राने काखेत हात घातला. पाटबंधारे खात्यात हयात घालवलेले ते गृहस्थ. धरणाच्या दाराकडे पाहावं तसे प्रत्येक भांड्याकडे पाहत होते. टाइल्स बघायला आलेलं एक तरुण जोडपं थबकून बघू लागलं. उल्काताईंनी फोन कानाला लावला आणि त्या चार पावलं लांब जाऊन उभ्या राहिल्या. फोनवर कोणी नव्हतं हे सुनेत्राला दिसत होतं.

लोक पांगल्यावर त्या परत आल्या आणि ओळीच्या टोकाला असलेल्या एका रुंद, उंच कमोडकडे बोट दाखवून म्हणाल्या, "हा. बाकी बघायचीच गरज नव्हती."

निशिकांतराव त्यावर बसले. क्षणभर थांबले. मग काठी बाजूला ठेवून, कोणाचाही हात न धरता, एकटे उभे राहिले.

चार वर्षांत सुनेत्राने त्यांना असं उठताना पाहिलं नव्हतं. तिला बरं वाटलं. खरंच बरं वाटलं, आणि ती तसं म्हणणारही होती. तेवढ्यात ते म्हणाले, "याला म्हणतात निवड. उल्काला अक्कल आहे. चार वर्षं मला मोरीच्या भोकावर बसवलं होतं."

सुनेत्राने पर्समधला कागद काढून मिस्टर गोपुढे धरला. त्याने माप वाचलं आणि मान हलवली. "कॅनॉट, मॅडम. याला दहा इंच लागतात. सहा इंचात बसणार नाही. फरशी फोडावी लागेल, पाइप सरकवावा लागेल. परवानगी, वॉटरप्रूफिंग, सगळं धरून तीन आठवडे."

"मग फोडा," उल्काताई म्हणाल्या.

"आणि तीन आठवडे बाबांनी कुठे जायचं?" सुनेत्राने विचारलं. "आमच्या खोलीतला कमोड फुटलेल्याहून बुटका आहे, हे दोन दिवसच कसेबसे काढलेत. शिवाय मध्ये पायरी."

"निभवायचं कसंतरी. तीन आठवड्यांचा तर प्रश्न आहे."

"मग तीन आठवडे तुमच्याकडे न्या."

"सुनेत्रा, मला ऑफिस असतं." उल्काताईंचा आवाज शांत होता, समजूत घातल्यासारखा. "तू काय, घरीच असतेस."

पूर्वी सुनेत्रा एका शाळेत शिकवत होती. निशिकांतराव त्यांच्याकडे राहायला आले त्या वर्षी तिने नोकरी सोडली, कारण कोणीतरी सोडायला हवी होती आणि ती कोणी सोडायची याची त्या घरात चर्चासुद्धा झाली नव्हती. हे तिने बोलून दाखवलं नाही. तिने वेगळंच विचारलं.

"दुसरा बघू या का? सहा इंचात बसणारे उंच कमोडही असतील."

"हाच घ्यायचा. मला याची खात्री आहे. आमच्याकडे हाच आहे."

"कुठे?"

"गेस्ट बाथरूममध्ये. दोन वर्षांपूर्वी बसवला. कोणी वापरतही नाही, कोरा करकरीत आहे अजून."

बोलून गेल्यावर आपण काय बोललो ते उल्काताईंच्या ध्यानात आलं नसावं, कारण त्या मिस्टर गोकडे वळून रंगांबद्दल विचारू लागल्या. सुनेत्राने कागदाची घडी घातली आणि पर्स बंद केली.

"मग विकत कशाला घ्यायचा?" ती म्हणाली.

"म्हणजे?"

"तुमच्याकडे आहेच की. बाबांना आवडला, एकट्याने उठताही आलं. खोली रिकामी आहे, कमोड रिकामा आहे."

उल्काताई हसल्या. सुनेत्रा हसली नाही. तिने निशिकांतरावांची काठी त्यांच्या हातात दिली आणि त्यांना दुकानाबाहेर, उल्काताईंची गाडी लागली होती तिकडे घेऊन गेली. उल्काताई मागोमाग आल्या. "हा काय तमाशा लावलाहेस? रस्त्यावर?"

"गाडी उघडा," सुनेत्रा म्हणाली. "बाबांना उन्हात उभं राहवत नाही."

"मी दिलीपला फोन लावते."

"लावा. तोवर गाडी उघडा."

"हे काय चाललंय तुमचं?" निशिकांतराव वैतागून म्हणाले.

"बाबा, उल्काताईंकडे जायचंय राहायला. तो कमोड तिथे आधीच बसवलेला आहे."

उल्काताई वडिलांच्या तोंडाकडे बघत राहिल्या. ते नको म्हणतील अशी त्यांची अपेक्षा असावी. सुनेत्राचीही, कुठेतरी, होती. चार वर्षं त्यांना जसा लागतो तसा मऊ भात, जसा लागतो तसा चहा तिनेच केला होता.

"मग चला की," ते लेकीला म्हणाले. "मी कधीचा म्हणतोय, पण तू बोलवतेसच कुठे?"

उल्काताईंनी गाडी उघडली. सुनेत्राने पर्समधली औषधांची डबी काढून पुढच्या सीटवर ठेवली. "सकाळची तीन, दुपारची एक, झोपताना दोन. कपडे दिलीप आणून देईल. टाके बुधवारी काढायचेत."

"तुझ्यात माणुसकी नाही," उल्काताई म्हणाल्या. "आज कळलं."

"चार वर्षं लागली," सुनेत्रा म्हणाली आणि बसस्टॉपकडे चालू लागली. तिने मागे वळून पाहिलं नाही.

दिलीप संध्याकाळी घरी आला तो बूट न काढताच बोलू लागला. "माझ्या बापाला तू रस्त्यावर सोडून आलीस."

"मुलीच्या गाडीत बसवून आले."

"ताई रडत होती फोनवर."

"मी या स्वयंपाकघरात कितीदा रडले, ते तुला ऐकू आलं नाही. पंधरा फुटांवर असतोस."

"मला विचारायचंस तरी."

"विचारलं असतं तर काय म्हणाला असतास? तुम्ही दोघी मिळून ठरवा. आम्ही ठरवलं."

"मी आत्ता जाऊन घेऊन येतो त्यांना."

"ये घेऊन. उद्यापासून सकाळी साडेसहाला तू उठवायचंस, तू बसवायचंस, धुवायचंस तू, आणि शिव्याही तू खायच्या. कबूल असेल तर टॅक्सीला मीच फोन करते."

दिलीप घोड्यासारखा फुरफुरत हॉलमध्ये येरझारा घालत राहिला. त्यांची सोळा वर्षांची मुलगी ऋचा खोलीतून डोकावली, "पप्पा, शूज काढ लाह," असं इथल्या पोरांच्या बोलीत म्हणाली आणि पुन्हा आत गेली. त्याने टॅक्सी मागवली नाही. रविवारी कपड्यांची बॅग मात्र बिशानला पोहोचवून आला.

पुढचे दहा दिवस घरात कोणी कोणाशी धड बोललं नाही. अकराव्या दिवशी उल्काताईंचा फोन आला, नमस्कार नाही, चौकशी नाही. "बाबा आतून कडी लावून बसतात. काल अर्धा तास उघडेनात."

"कडी काढून टाका."

"दाराला भोकं राहतील. महागाचं दार आहे."

"मग ती भोकं बघून आत बाबा आहेत याची आठवण ठेवा," सुनेत्रा म्हणाली आणि फोन ठेवला.

त्या आठवड्यात ती एकटीच बालेस्टियरला गेली. मिस्टर गोने सहा इंचात बसणारे तीन कमोड दाखवले, दोन उंच आणि एक नेहमीच्या उंचीचा. तिने नेहमीच्या उंचीचा घेतला. प्लंबरने एका सकाळीत बसवून दिला. दिलीपने तो पाहिला, टाकीवर हात ठेवून उभा राहिला आणि म्हणाला, "बाबा आले की त्यांना हा पुरणार नाही."

"नाही पुरणार," सुनेत्रा म्हणाली.

निशिकांतरावांना परत यायचंही नव्हतं. मी इथे ठीक आहे, असं त्यांनी दिलीपला सांगितलं. सुनेत्राची चौकशी केली नाही. हे ऐकून आपल्याला काही वाटणार नाही अशी तिची समजूत होती, पण त्या दिवशी तिने मऊ भात लावला आणि तो कोणासाठी लावला हे झाकण उघडल्यावर तिच्या लक्षात आलं. तो तिनेच संपवला.

उल्काताईंनी कामाला बाई ठेवली, पण तिला रविवारी सुट्टी. एका महिन्यात उल्काताईंची कंबर धरली आणि त्यांनी भावाला निर्वाणीचा निरोप धाडला, की रविवार तुझा. तेव्हापासून दिलीप दर रविवारी सकाळी बिशानला जाऊ लागला. कितीला जायचं, काय काय करायचं, हे त्याने सुनेत्राला विचारलं नाही आणि तिने सांगितलं नाही.

तिसऱ्या रविवारी तो दुपारी परत आला तेव्हा त्याच्या पँटचे पाय गुडघ्यापर्यंत भिजलेले होते आणि अंगाला डेटॉलचा वास येत होता. तो जेवणाच्या टेबलाशी बसला. 

"बाबांनी आज मला लाथ मारली," तो म्हणाला.

"कशावरून?"

"पाणी गार होतं म्हणे."

सुनेत्राने त्याच्यापुढे ताट ठेवलं. "आधी पँट बदल," ती म्हणाली. "खुर्ची ओली होतेय."