देवापाशी ठेवलेली फॉर्च्युना

मौल्यवान वस्तू घरात आली की आधी देवापाशी ठेवायची, हे वळण देवयानीच्या हाताला लहानपणीच लागलेलं. अमेरिकेत ॲन आर्बरला पीएचडी करायला आली तरी ते सुटलं नाही. म्हणून मिस्टर हॅलोरन या म्हाताऱ्या संग्राहकाने विश्वासाने दिलेलं रोमन चांदीचं नाणं तिने सरळ देव्हाऱ्यात ठेवलं आणि निर्धास्त झोपली. हे नाणं धड परत गेलं तरच ते बाकीची नाणी देणार होते, आणि बाकीच्यांवाचून तिच्या प्रबंधाचं काही खरं नव्हतं.

सकाळी ती अंघोळ करून आली, तर सांगलीहून आलेली आई, सुलभाताई, ओल्या हातांनी हसत उभी.

"अगं, किती काळी पडली होती ही तुझी लक्ष्मी! रांगोळीने खसाखसा घासली, वर चिंच लावली. देवीला असं कळकट ठेवतात का?"

देवयानीने नाणं उचललं. नाण्यावरच्या देवीचं नाक, डोळे, हातातलं फळाफुलांचं शिंग, सगळं सपाट. चेहऱ्याच्या जागी लालभडक तांबं.

"आई, ही फॉर्च्युना होती गं. रोमन लोकांची नशिबाची देवी. चांदी नुसती वरवरची होती, आत तांबं."

"म्हणजे खोटं नाणं? मग एवढं काय त्यात!"

"त्या काळचं खोटं म्हणूनच तर मी त्यावर रिसर्च करतेय ना!"

"बरं, रडू नकोस. अजून दोन हात मारते, लाल जाईल."

ओरडावं तरी कुणावर? आईने नाण्याला हळदकुंकूसुद्धा वाहिलं होतं.

तेवढ्यात बेल वाजली. बर्फामुळे बस बंद, म्हणून देवयानीला लॅबमध्ये सोडायला मिस्टर हॅलोरन स्वतःच गाडी घेऊन आले होते. सुलभाताईंनी कौतुकाने नाणं त्यांच्या हातावर ठेवलं. त्यांनी ते डोळ्यांजवळ नेलं.

"थँक यू, मॅम," म्हणाले, आणि नाणं रुमालात गुंडाळलं.

जिन्यात देवयानी सॉरी म्हणत राहिली. ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी तिच्या खांद्यावर थोपटलं, बाकीची नाणी आता घरीच राहू देतो म्हणाले, आणि कठडा धरून हळूहळू एकटेच उतरून गेले.

ती वर आली. आई चहा गाळत होती.

"किती सज्जन माणूस गं! बाकीची पण आणा म्हणायचंस. आहे मी महिनाभर, सगळी लख्ख करून दिली असती."