नाचून बसवलेली जमीन

मी एक जुने दगडी घर आहे आणि मला विकायला काढले होते. मित्रांनो, लगेच हळहळू नका. हळहळणारे पुष्कळ येऊन गेले. फाटकापाशी उभे राहून "अरेरे, बिचारं!" म्हणाले, फोटो काढले आणि गाडीत बसून निघून गेले. मला बिचारे म्हटलेले खपत नाही. माझ्या भिंती दोन हात जाडीच्या आहेत. समुद्रावरून येणारे वारे फ्रान्समधल्या ब्रेतान्यच्या या टेकड्या ओलांडून दर हिवाळ्यात माझ्यावर डोके आपटतात आणि शेवटी थकून परत जातात. मी अजून थकलेले नाही.

तरी माझ्या फाटकावर 'विकणे आहे' अशी पाटी लागली. ती लावली बेर्थू बाईंनी, घरे विकून देणे हा त्यांचा धंदा. जाहिरातीत त्यांनी मला 'किंचित ओलसर' म्हटले. हे 'किंचित' म्हणजे बाईंचा मोठेपणा, कारण माझी उत्तरेची भिंत कमरेपर्यंत हिरवी झाली होती. गिऱ्हाईक येण्याआधी बाई लवकर येत, खिडक्या उघडत आणि कुबट वास झाकायला चुलीवर कॉफी उकळत ठेवत.

"थोडी हवा खेळती ठेवली की झालं," त्या म्हणत.

"हवा कसली, इथे अळंबीची शेती होईल!" एक गिऱ्हाईक म्हणाले आणि सगळे हसले.

घर पाहावे बांधून, असे तुमच्याकडे म्हणतात ना? मी म्हणते, घर पाहावे विकायला काढून. माणसे कळतात.

पण मी जन्मतः ओलसर नव्हते, हे तुम्हाला सांगितलेच पाहिजे. माझ्या आताच्या मालकिणीच्या, सेझाच्या, पणजोबाने शेतातले दगड वेचून मला उभारले. दारावरचा लांब दगड ओढायला सहा बैल लागले आणि तो बसवताना आमची सारी केरगोझ वाडी शिव्या देत होती. भिंती झाल्या, छपरावर निळसर पाटीचे दगड चढले. उरली होती जमीन. तिच्यासाठी आमच्या वाडीत गवंडी बोलावत नाहीत. ओढ्याकाठची पिवळी माती आणतात, पाणी शिंपून मळतात, घरभर पसरतात आणि शेजारपाजाऱ्यांना नाचायला बोलावतात.

मित्रांनो, खरेच सांगते, माझी जमीन नाचून बसवलेली आहे. हातात हात घट्ट अडकवून, खांद्याला खांदा लावून, लाकडी बूट घातलेली माणसे गोल फिरली. दोन म्हातारे गात होते. एकाची ओळ संपायच्या आत दुसरा तिचे शेपूट पकडून पुढे जायचा, त्यामुळे गाणे कुठे थांबतच नसे. गाणे थांबत नाही तोवर फेर सोडायचा नाही, हा आमचा नियम. टाचा आपटून आपटून माती दगडासारखी झाली. मग सगळ्यांना कुट्टूच्या काळ्या पिठाची धिरडी, खारे लोणी आणि सफरचंदाची दारू मिळाली. वाडीत एक म्हण पडली आहे: ज्याने जमीन नाचवली तो घराचा माणूस. त्याला त्या घरात धिरडे नाकारायचे नाही, आणि त्यानेही त्या घराचे वाईट करायचे नाही.

पुढची कितीतरी वर्षे माझी मजेत गेली. चुलीजवळच्या सरकत्या दारांच्या लाकडी पलंगात मुले जन्मली, भिंतीपलीकडे गाई रवंथ करत राहिल्या. जमिनीतली ओल मातीतूनच हळूहळू उडून जायची. माझ्या भिंती ठणठणीत कोरड्या असायच्या.

मग सेझाचे वडील लोम यांच्या काळात घात झाला. पॅरिसहून त्यांची वहिनी आली आणि उंबरठ्यातच थबकली.

"अगं बाई! तुम्ही अजून मातीवरच राहता? गाईंची बाजू कुठली, माणसांची कुठली?"

लोमचे कान लाल झाले. त्यांनी पुढच्याच उन्हाळ्यात सिमेंट आणले, जमिनीवर ओतले, उरले ते भिंतींना थापले. वाडीत सगळ्यांनीच तसे केले. गरीब दिसायची आमच्या लोकांना फार लाज! आजारी दिसलेले चालेल, पण मागासलेले दिसायचे नाही. वरची वाट बंद झाली तेव्हा ओल भिंतींत चढली. मी आजारी नाही हो, माझे तोंड दाबले आहे, असे मी डागांवर डाग उठवून सांगत होते. त्यांनी डागांवर रंग लावला. मी रंगही सोलून टाकला.

लोम गेले, मग त्यांची बायकोही गेली. मी दोन मुलांच्या वाट्याला आले. थोरली सेझा आयुष्यभर दुधाचा टँकर चालवून निवृत्त झालेली, आवाज टँकरच्या भोंग्यासारखा. धाकटा गूल्व्हेन शहरात विमा कचेरीत. गूल्व्हेन वाईट माणूस नाही. दर वादळानंतर छप्पर दुरुस्त करून तो विटला होता, एवढेच. एक दिवस तो केमेनेरला घेऊन आला.

केमेनेर जुनी घरे पाडून दगड विकतो. त्याने माझ्याकडे पाहिले नाही, माझे दगड पाहिले. दारावरच्या लांब दगडावर थाप मारून म्हणाला, "वा! हा कुणाच्या तरी बागेत झकास बाक होईल. चुलीचे दगड तर आत्ताच खपतील." तेवढ्यात वरचा सिमेंटचा पोपडा सुटून त्याच्या टोपीवर पडला. मी पाडला असे मी म्हणत नाही.

सेझाला कळले तेव्हा ती चुलीपुढेच उभी राहून कडाडली.

"केमेनेरला? आपलं घर?"

"बाजारात हातावर हात मारलाय मी," गूल्व्हेन म्हणाला. "सेंट मिशेलच्या दिवशी तो ताबा घेणार."

"मला न विचारता?"

"विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस."

"म्हणून विचारायचंच नाही होय रे? काय पण डोकं!"

"मग तू राहतेस का इथे? चढतेस छपरावर? अगं, बंद ठेवून नुसतं कुजवायचं, त्यापेक्षा दगड तरी कामी येतील!"

सेझाने जिन्याकडे पाहिले. तिचे गुडघे गेलेले, जिना चढवत नव्हता. आणि आमच्याकडे हातावर मारलेला हात म्हणजे सह्या-शिक्क्यांपेक्षा पक्का. तो मोडणाऱ्याशी बाजारात कोणी गाईचे वासरूही विकत घेत नाही.

"राहणारं माणूस मी शोधून आणलं तर?" तिने विचारले.

"तर केमेनेरकडून हात तूच सोडवून घे. मी तोंड उघडणार नाही."

सेंट मिशेल म्हणजे सप्टेंबरची अखेर. आमच्याकडे शेतकरी त्याच दिवशी जुने शेत सोडतात आणि नवे धरतात. त्या दिवसापर्यंत सेझाला राहणारे माणूस मिळायला हवे होते, आणि केमेनेरचा हात सुटायला हवा होता. नाहीतर माझे बाक होणार होते.

मे महिन्यात एनोरा आली. ती याच भागात टपाल वाटते. तिला मी रस्त्यावरून रोज दिसायचे. बरोबर नवरा तुग्द्वाल होता, इस्पितळात रुग्णसेवा करणारा, सावध आणि शंकेखोर. हिवाळ्यात त्यांना बाळ होणार होते. त्याने भिंतीला हात लावला आणि तो हात विजारीला पुसला.

"नको गं. बाळाला पहिल्याच महिन्यात खोकला धरेल."

एनोराचे लक्ष दुसरीकडे होते. दर शनिवारी नाचायला जाणारी ती. मोकळी जागा दिसली की हिची टाच आपटायचीच. ठक, ठक, ठक. चुलीजवळ आवाज बदलला. धप्प.

"सेझाबाई, इथे पोकळ वाजतंय."

सिमेंट तिथे फुगून तडकले होते. सेझाने कोयता घालून एक खपली उचलली. खाली माझी जुनी जमीन होती, काळसर, गुळगुळीत, आणि तिच्यात एका लाकडी बुटाची टाच उमटलेली. कितीतरी वर्षांनी माझ्या मातीला वारा लागला. मित्रांनो, मला रडायची सवय नाही, पण त्या क्षणी मला रडता आले असते तर मी रडले असते.

सेझाने वाकून त्या टाचेवरून बोट फिरवले. मग म्हणाली, "आजीच्या लग्नाचे कपडे याच भिंतीला टेकून पेटीत असायचे. कधी बुरसले नाहीत. सिमेंट नंतर आलं." आणि ती गोठ्यात जाऊन कुदळ घेऊन आली.

"अहो बाई, थांबा!" तुग्द्वाल घाबरला. "आम्ही घर अजून घेतलेलं नाही!"

"तुमच्यासाठी कोण फोडतंय? मी माझ्यासाठी फोडतेय. सरक बाजूला, पायावर पडेल."

तो उन्हाळाभर सेझा येत राहिली. गुडघे कुरकुरले की ती बादली पालथी घालून बसायची, पुन्हा उठायची. जमिनीचे सिमेंट निघाले, भिंतींचेही निघाले. बेर्थू बाई एकदा गिऱ्हाईक घेऊन आल्या, आतला ढिगारा पाहून "अरे देवा!" म्हणाल्या आणि कॉफीची किटली घेऊन निघून गेल्या. मी खिडक्या उघड्या टाकून श्वास घेत होते. तुग्द्वाल दर रविवारी येऊन भिंतीला तळवा टेकवायचा. जुलैमध्ये तो हात पुसायचा. ऑगस्टमध्ये त्याने हात पुसला नाही. मग सप्टेंबरात एक दिवस त्याने भिंतीला गाल लावून पाहिला, आणि एनोरा फिदीफिदी हसली.

"घेऊ या," तो म्हणाला. "पण जमीन कुठंय? हे तर खड्डे आहेत."

खरे होते. सिमेंट निघताना जुन्या मातीचे पोपडे त्याच्याबरोबर गेले होते. टाचेची ती एक खूण तेवढी सेझाने हट्टाने वाचवली. बाकी घरभर तिने ओढ्याकाठची पिवळी माती आणून पसरली आणि सेंट मिशेलच्या दिवशी साऱ्या वाडीला बोलावणे धाडले.

लोक आले. लाकडी बूट कोणाकडे राहिले नव्हते, रबरी बूट होते, ट्रॅक्टर चालवायचे बूट होते. सेझा पाण्याच्या पिंपावर बसून गाऊ लागली, शेजारचा म्हातारा तिच्या ओळींची शेपटे पकडू लागला. फेर धरला गेला, आणि माझ्या जमिनीवर पुन्हा टाचा पडू लागल्या. मी पायापासून छपरापर्यंत दणाणले.

तेवढ्यात दारात गूल्व्हेन आला. मागे केमेनेर, हातात मोजपट्टी.

"हे काय चाललंय?" केमेनेर ओरडला. "दगड आज माझे होतात!"

सेझा गाणे कशी थांबवणार? नियमच तसा. तिने गाता गाता हनुवटीने नुसती खूण केली. फेरात एक जागा रिकामी होती. ती मुद्दाम ठेवली होती की आपोआप राहिली, हे मी पैज लावून सांगणार नाही. पण केमेनेरही याच टेकड्यांतला. त्याचा उजवा पाय आधीपासूनच ठेका धरत होता. गोल फिरत एनोरा त्याच्यापुढे आली आणि तिने कोपरात वाकवलेला हात पुढे केला. त्याने मोजपट्टी खिशात घातली.

"एकच फेरी," तो म्हणाला.

सेझाने ते गाणे संपवलेच नाही. आठवणीतल्या ओळी सरल्या तेव्हा ती वाडीतल्या कोंबड्यांची नावे गाऊ लागली. केमेनेर घामाघूम झाला, कोट उडाला, टोपी उडाली, पण फेर सोडायचा नाही म्हणून टाचा आपटत राहिला. भारी अंगाचा माणूस, त्याच्या एकेका टाचेने माझी माती लोखंडासारखी बसत होती. गूल्व्हेनही केव्हा ओढला गेला कळले नाही. त्याचे शहरी बूट पार पिवळे झाले.

शेवटी सेझा थांबली. तिने केमेनेरच्या हातात गरम धिरडे दिले. त्याने ते गिळले, आणि मग तिने शांतपणे विचारले, "केमेनेर, ही जमीन कोणी नाचवली?"

"आपण सगळ्यांनी! बघ की कशी बसलीय, वा!" तो म्हणाला, आणि म्हणता म्हणता त्याचे तोंड उघडेच राहिले. शेजारचा म्हातारा तोंड फिरवून खोकला.

"फसवलंस मला, सेझा!"

"मी? मी तर पिंपावर बसून होते. पाय तुझे होते."

"ही जुनी थोतांडं आहेत."

"मग जा. बाजारात सांग, स्वतः नाचवलेलं घर मी पाडलं म्हणून. बघू या कोण हातावर हात मारतंय."

केमेनेरने एक कचकचीत शिवी दिली. ती दारावरच्या दगडासाठी सहा बैलांना दिलेल्या शिव्यांइतकीच जुनी होती. मग तो गूल्व्हेनपुढे गेला, तळहातावर थुंकला आणि त्याच्या हातावर उलटा हात मारला. शब्द सुटला.

"पण धिरडं मला इथे कायम मिळालं पाहिजे," तो म्हणाला. "हक्काचं!"

"लोणी लावून," एनोरा म्हणाली.

फाटकावरची 'विकणे आहे' पाटी आता कोंबड्यांच्या खुराड्याचे दार आहे. चुलीजवळ जुन्या टाचेशेजारी एक नवी टाच उमटली आहे, रुंद आणि खोल. मला पाडायला आलेल्या माणसाची आहे ती. एनोराचे बाळ पहिल्यांदा रांगले तेव्हा नेमके त्या खळग्यात जाऊन बसले.

तर मित्रांनो, माझी कीव करू नका, आणि तुमच्या गावातल्या जुन्या घरांचीही करू नका. आम्हाला रंग नको, फोटो नको, वर्षातून पंधरा दिवस उघडणाऱ्या खिडक्या नकोत. आम्हाला श्वास घेऊ द्या आणि आमच्यात पाय वाजू द्या, बाकीचे आम्ही पाहून घेऊ. आणि तुमच्या घराच्या दारात कोणी मोजपट्टी घेऊन आलाच, तर त्याच्याशी भांडत बसू नका. त्याला आत बोलवा आणि आधी नाचायला लावा.