जाड फाइली शेवटी

बाळांनो, जरा कल्पना करा. तुम्ही सुट्टीत मावशीकडे गेला आहात. तुमचा धाकटा भाऊ कुंपणाच्या भिंतीवर चढतो, "मला बघा, मला बघा" म्हणतो, आणि कुणी बघायच्या आतच धपकन खाली! हात कोपरापाशी भलत्याच बाजूला वळलेला. तुम्ही किती घाबराल? तितकीच घाबरून एक मुलगी मावशीच्या गावच्या दवाखान्याच्या बाकावर बसली होती. घरचे तिला बडबडी म्हणत आणि तिच्या भावाला बटाट्या.

त्या दिवशी मात्र बडबडी गप्प होती.

बटाट्या रडून रडून दमला होता. डॉक्टरीणबाईंनी त्याची बोटं हातात धरून पाहिली. ती गार पडत चालली होती.

"हाड लवकर जागेवर बसवायला हवं," त्या म्हणाल्या. "त्यासाठी भूल द्यावी लागेल. आधी कधी दिली होती का?"

"हो, तान्हा असताना," आई म्हणाली. "हृदयाचं ऑपरेशन झालं ना त्याचं. भुलीच्या कुठल्याशा औषधानं निळा पडला होता हो! कसाबसा वाचला. पण नाव काही केल्या आठवत नाही."

"मग नाव कळल्याशिवाय मी सुई टोचणार नाही. तुमच्या गावचा दवाखाना क्लाउडवर गेलाय ना?"

हे क्लाउड प्रकरण अवघड नाही. पूर्वी दवाखान्याचे कागद तिथल्याच कपाटात राहायचे. म्हणजे कागद तिकडे आणि आजारी माणूस इकडे, अशी गत. आता तेच कागद दूर कुठेतरी, चोख राखण असलेल्या मोठमोठ्या संगणकांत ठेवतात. ज्याचे कागद त्याच्या घरच्यांनी हो म्हटलं, की दुसऱ्या गावचा डॉक्टरही ते उघडून पाहू शकतो.

डॉक्टरीणबाईंनी संगणकावर परवानगी मागितली, तसा आईच्या मोबाइलवर आकडा आला. तिनं तो वाचून दाखवला. पडद्यावर बटाट्याचं खरं नाव आलं, जन्मतारीख आली. त्याखाली काहीच नाही.

"रिकामं?" आईनं पडद्यापाशी वाकून विचारलं.

मावशीनं लगेच गावच्या दवाखान्याला फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवला. तिथले कागद सांभाळणारे काका पलीकडून म्हणाले, "ती फाइल होय? ही काय माझ्यासमोर. उशीएवढी जाड आहे. क्लाउडवर चढवायची राहिलीय."

"राहिलीय कशी? वर्षभर चाललंय ना तुमचं?"

"अहो ताई, पातळ फाइली आधी घेतल्या. मोठे साहेब दर आठवड्याला विचारतात, किती झाल्या? पातळ भराभर होतात. जाड फाइलींत टाचण्या, चिकटवलेल्या चिठ्ठ्या, घड्या पडलेले रिपोर्ट. कागदांचे फोटो काढणाऱ्या मशीनच्या घशात अडकतात. म्हटलं, शेवटी घेऊ सावकाश."

आता मात्र बडबडीला राहवेना. "पण काका, जाड फाइल म्हणजे जो सारखा आजारी पडतो त्याची ना? मग सर्दीवाले आधी आणि बटाट्या शेवटी? हे म्हणजे वरातीमागून घोडं!"

"गप गं," आई म्हणाली.

"बोलू द्या तिला," काका म्हणाले. "खरंच की. साहेबांच्या नाही आणि माझ्याही नाही, कुणाच्याच डोक्यात आलं नाही हे. आता नाव वाचून दाखवू का?"

"नको नको," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "औषधांची नावं जुळ्या भावंडांसारखी असतात, आणि अक्षर आम्हा डॉक्टरांच्या जमातीचं. मला माझ्या डोळ्यांनी बघू द्या. ऑपरेशनचे कागद आधी चढवा."

फोन चालूच राहिला. टाचण्या डब्यात पडल्याचं ऐकू येत होतं. "हा गेला... हा पण गेला... अडकला मेला!"

"हळू ओढा, काका! फाटेल!" बडबडी ओरडली.

इकडे पडद्यावर पहिला कागद आडवाच आला. दुसरा कोरा. तिसऱ्यावर चहाचा डाग. आई बटाट्याच्या केसांतून हात फिरवत होती, पण नजर पडद्यावरून हलत नव्हती. मग ऑपरेशनचा कागद आला. त्यावर एका नावाभोवती लाल गोल, खाली लिहिलेलं, "हे पुन्हा देऊ नये."

डॉक्टरीणबाईंनी ते नाव वाचलं. पुन्हा वाचलं. "बरं झालं थांबलो. आज मी हेच देणार होते. आता दुसरं देऊ. चला, घ्या त्याला आत."

दार बंद झालं. मावशीनं आईला पाणी दिलं. आईनं पेला नुसता हातात धरून ठेवला.

दार उघडलं तेव्हा डॉक्टरीणबाईंचा मास्क हनुवटीखाली होता आणि त्या हसत होत्या. "बसलं हाड. बोटं छान ऊबदार झालीत. डोळे उघडल्या उघडल्या म्हणतो, भूक लागली."

आई एकदम हसली, हसता हसता रडली, आणि दोघी बहिणी धावत आत गेल्या. बडबडीचे पायही तिकडेच निघाले होते. पण मावशीचा मोबाइल बाकावर पडलेला पाहून ती थांबली. काकांनी कागद चढवून कधीच फोन ठेवला होता. पुढे काय झालं, ते त्यांना कुणी कळवलंच नव्हतं.

तिनं फोन लावला. पहिल्या घंटीलाच काकांनी उचलला. "बोला! काय झालं?"

"बटाट्या बरा आहे, काका. खायला मागतोय."

काकांनी सोडलेला श्वास तिला इकडे ऐकू आला.

"आता पुढची सगळ्यात जाड फाइल घ्या," बडबडी म्हणाली. "घेताय ना? मी थांबते."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मगच तिनं फोन ठेवला आणि भावाकडे पळाली.