अर्ध्या विटेवरचा उंबर

सन एकोणीसशे सत्त्याऐंशी, उन्हाळ्याचा शेवट. मी उंबर. तेव्हा करंगळीएवढा होतो आणि एका इमारतीच्या मागच्या भिंतीत, सांडपाण्याच्या पाइपाला लागून राहत होतो. जागा मी निवडली नव्हती. पक्ष्याने बी टाकलं, मी उगवलो.

भिंतीला तडा गेला म्हणून घरमालकाने गवंडी बोलावला. "मुळांवर ॲसिड ओता," मालक म्हणाला. गवंडी शिडीवर चढला, माझ्याकडे बघत राहिला. मग छिन्नीने भोवतीचं सिमेंट फोडून त्याने मला अर्ध्या विटेसकट सोडवलं. त्यात त्याची दुपार गेली. ते ऋण मी विसरलो नाही.

घरी त्याची बायको म्हणाली, "अहो, लोक मातीत झाड लावतात."

"हे वीट सोडत नाही, मी काय करू?"

फुटकं घमेलं मिळालं, गॅलरीत जागा मिळाली. तो मुळं छाटायचा, शेंडे खुडायचा, सळया बांधायच्या तारेने फांद्यांना वळण लावायचा. एकदा तार काढायला विसरला. तो वळ अजून आहे. तीस वर्षांत मी हातभर झालो. रानातले माझे भाऊबंद तिमजली आहेत. असोत. फळ मीही पूर्ण मापाचं देतो.

मग तो परांचीवरून पडला. मोडलेला पाय जुळला. डॉक्टर म्हणाले, चाला. हा भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. मला पाणी बायकोच घालत होती. एका सकाळी तिने भरला तांब्या त्याच्या उशाशी ठेवला.

"तुमचं झाड. आजपासून तुम्हीच बघा."

"मरू दे."

भिंतीत वाढलेल्याला चार दिवसांची तहान म्हणजे काहीच नाही. पण मी दुसऱ्याच दिवशी पानं टाकायला लागलो. त्याची मान इकडे वळली की एक टाकायचो. बायको ती झाडून त्याच्या खाटेजवळ ढीग करायची.

चौथ्या दिवशी तो म्हणाला, "अगं, झाड खरंच जातंय."

"मग उठा."

तो उठला. एक हात भिंतीला, दुसऱ्यात तांब्या. अकरा पावलं. अर्धं पाणी फरशीवर सांडलं, उरलेलं मला मिळालं.

"फरशी कोण पुसणार?" बायकोने विचारलं. ती हसत होती.

संध्याकाळी तो पुन्हा आला. दुसऱ्या दिवशीही. पुढच्या महिन्यात त्याने भिंत सोडली.

आता तो काठोकाठ भरलेला तांब्या आणतो, थेंब सांडत नाही. ऋण फिटलं.