किल्लीच्या खुणेचा पाव

हनियाला फसवणारा अजून जन्माला यायचाय, असं हनिया स्वतःच सांगत असे. मोरोक्कोतल्या मेक्नेसच्या जुन्या शहरातल्या त्या गल्लीत तिच्या जिभेला सगळेच टरकून. आणि गुरुवारी सकाळी, दोन्ही हात कणकेत बुडालेले असताना, तिनेच एका गोड आवाजाला फोनवर आलेले सहा आकडे घडाघडा वाचून दाखवले. "लल्ला, बाईसाहेब, माझे आकडे चुकून तुमच्याकडे आले. बायको दवाखान्यात आहे हो," एवढंच तो म्हणाला होता. झालं. हात धुऊन येईस्तोवर फोनवरचं तिचं निरोपांचं खातं बंद.

बिघडला असेल फोन, म्हणत तिने पुन्हा पिठात हात घालून पाव थापले, आपले ओळखू यावेत म्हणून त्यांवर शिवणाच्या अंगुस्तानाची खूण दाबली, कच्च्या पावांची फळी डोक्यावर घेतली आणि सगळ्या गल्लीचे पाव भाजणारी भट्टी गाठली. भट्टीवाले अल्लालबाबा तिच्याकडे बघतच राहिले.

"तू इथं कशी? तू तर दवाखान्यात आहेस."

त्यांनी फोन पुढे धरला. तिचाच फोटो, तिचंच नाव. दवाखान्यात अडकलेय, पिशवी चोरीला गेली, कोपऱ्यावरच्या दुकानातून ताबडतोब पैसे पाठवा. हाच निरोप अख्ख्या गल्लीला गेलेला.

हनियाला सकाळचे ते सहा आकडे आठवले. फळी टाकावी, घर गाठावं, आतून कडी लावावी, असं तिला होऊन गेलं. आता लोक काय बोलतील ते तिला नेमकं ठाऊक होतं, कारण तेच ती बोलून बसली होती. सहा महिन्यांपूर्वी शेवटच्या घरातली बतूल अशीच फसली, तेव्हा याच भट्टीसमोर हनियाने एक वाक्य टाकलं होतं. सगळी भट्टी पोट धरधरून हसली होती. त्या दिवसापासून बतूल दुकानातला पाव खाते, दुपारपर्यंत अंथरुणात पडून असते, हाक मारली तर ओ देत नाही. आपल्या पावावर दाराच्या किल्लीची खूण दाबायची ती. सहा महिन्यांत ती खूण भट्टीवर आली नव्हती.

"पळू नकोस," अल्लालबाबा म्हणाले. "घरी जाऊन रडशील आणि इथं लोक लुटले जातील. बोल आधी."

मग हनिया भट्टीवर जमलेल्या बायांसमोर बोलली, तेही तिच्या नेहमीच्या गल्लीभर ऐकू जाणाऱ्या आवाजात. "बायांनो, मी फसले. आकडे मीच दिले. कुणी एक दिरहम पाठवू नका."

कुणी हसलं नाही. एकजण पैसे पाठवायच्या दुकानाकडे धावली, दुसरीने बहिणीला फोन लावला, तिसरी जिन्यावरून ओरडत माडीवर गेली. काय धांदल उडाली म्हणता. लाजेने मेल्यासारखी झालेली हनिया पाच मिनिटांत फर्मानं सोडायला लागली. ज्या घरांतून फळ्या आल्या त्या सगळ्या घरांना कळलं.

"आणि जिची फळी येत नाही, तिला?" अल्लालबाबांनी विचारलं.

बतूल. दवाखान्याचं नाव काढलं की पाघळणारी बतूल. पुन्हा फसली तर ती काही उठायची नाही. हनिया पिठाच्या हातांनीच धावत सुटली, मागून निम्म्या बाया.

"बतूल, दार उघड. तो निरोप माझा नाही."

आतून आवाज आला, "आवाज काय, कुणीही काढतं. खरी हनिया असशील तर सांग, त्या दिवशी भट्टीवर मला काय म्हणाली होतीस?"

हनियाचे कान तापले. पण दाराआड पैसे निघाले असतील तर? तिने कपाळ दाराला टेकवलं.

"म्हणाले होते, बकरीच्या गळ्यात फोन बांधला असता तरी तिने आधी हुंगून पाहिलं असतं. ती बकरी माझ्यापेक्षा बरी म्हणायची, बतूल. मी तेवढंही केलं नाही. चुकले मी."

किल्ली फिरली. बतूलचे केस पिंजारलेले, डोळे सुजलेले, पण ओठांच्या कोपऱ्यात हसू.

"पैसे पाठवले नाहीस ना?"

"कसले पैसे? सकाळपासून खेळवतेय मेल्याला. कुठला मजला, कुठली खाट, हरीरा सूप घेऊन येऊ का, कोथिंबीर चालते का. घाम फुटलाय त्याला. मागच्या वेळी तो बोलत होता, मी ऐकत होते. आज मी बोलतेय."

बाया आता खदखदून हसल्या, आणि बतूलही त्यांच्यात होती.

"पण माझा निरोप नाही, हे ओळखलंस कसं?"

बतूलने फोन तिच्यासमोर धरला. खाली लिहिलं होतं, 'माझ्या लाडक्या बतूल, तुझी फार आठवण येते.'

"हे वाचलं आणि कळलं," बतूल म्हणाली. "चाळीस वर्षांत तू मला असं कधी म्हणाली नाहीस."

हनियाने पिठाच्या हातांनी बतूलचा चेहरा धरला, तो पांढरा करून टाकला, आणि मग म्हणाली, "माझ्या लाडक्या बतूल, कणीक भिजव. अल्लालबाबांना सांगते, भट्टी विझवू नका."

शेवटच्या घाण्याला किल्लीच्या खुणेचे तीन पाव निघाले. त्यातला एक हनियाने न विचारताच उचलला आणि तिथेच उभ्याने, हात भाजत, खाल्ला.