केशरबाईचा पेला

"माहा रिपोट पाजिटिव आला," केशरबाई उभी राहून म्हणाली आणि चर्चमधल्या ऐंशी माणसांनी टाळ्या वाजवल्या.

हातातला कागद तिने डोक्यावर धरला होता. त्यावर सही माझी होती. मिशनच्या दवाखान्यातल्या लॅबच्या खिडकीतून सकाळी मीच तो तिला दिला होता. "पॉझिटिव्ह आहे, डॉक्टरांना दाखवा," मी म्हणाले आणि पुढचा नंबर पुकारला. थुंकीत क्षयाचे जंतू सापडले, हे मराठीत सांगायला चार सेकंद लागले असते.

माइकपाशी ब्रदर शांतवन डोळे मिटून उभा होता. शहाण्णव सालच्या उन्हाळ्यात तो जालन्यात आला. माणसाच्या बोलण्यात सामर्थ्य असतं, आजाराचं नाव घेतलं की आजार घरात शिरतो, अशी त्याची शिकवण. निगेटिव्ह बोलायचं नाही, पॉझिटिव्ह बोलायचं. हे दोन शब्द तो इंग्रजीतच म्हणे. मराठीत म्हटले असते तर त्यांत फारसं काही नाही हे लोकांच्या लक्षात आलं असतं. तीन महिन्यांत चांगल्या शिकल्यासवरल्या माणसांनी तापाला ताप म्हणणं सोडलं होतं. नंदाबाई मास्तरीण सुजलेले गुडघे चोळत "मी ठणठणीत आहे" म्हणायची आणि पायरीवर बसकण मारायची. हाच ब्रदर मंगळवारी उपाशीपोटी माझ्याकडे रक्त द्यायला येई आणि साखरेचा आकडा हळू आवाजात विचारी. तो मी बंद पाकिटात देत असे. लॅबचा नियम आहे.

केशरबाई मूळची वाटूरची. नवरा गेल्यावर मिशनच्या आवारात आली आणि बावीस वर्षं चर्च झाडत राहिली. पण विचारलं तर ती झाडण्याचं काम सांगत नसे. "म्या पेले धुते," म्हणे. प्रभुभोजनाला ज्यांतून द्राक्षारस देतात ते अंगठ्याएवढे काचेचे पेले, शंभर. महिन्याच्या पहिल्या रविवारी ती ते गरम पाण्यातून काढून एकेक उजेडात धरून बघे. दुसऱ्या कुणाला हात लावू देत नसे.

"दोन महिने झाले, म्या खोकल्याचं नाव घेतलं न्हाई," ती सांगत होती. "ब्रदर म्हन्ले, बराबर बोल, मंग बराबर होतं. आता डाक्टरकडं कशाला जायचं?" आणि तोंडाला पदर लावून ती बराच वेळ खोकली.

ब्रदरने हात वर केले. विज्ञानाचा कागदसुद्धा साक्ष देतो, असं काहीसं तो म्हणाला.

मी तिला बाहेर बोलावून घेऊ शकले असते. दार माझ्या मागेच होतं. त्याऐवजी मी उभी राहिले.

"पॉझिटिव्ह म्हणजे जंतू सापडले. केशरबाईंना टीबी आहे. ब्रदरना दोनच इंग्रजी शब्द येतात, त्यांचाही अर्थ माहीत नाही."

बोलताना मी तिच्याकडे पाहिलंच नाही, त्याच्याकडे पाहत होते. मला बरं वाटत होतं.

पुढच्या बाकावरच्या बायकांनी पदर नाकाशी नेले. ब्रदरने खिशातून रुमाल काढून माइक पुसला. केशरबाईने कागदाची घडी केली, "असं व्हय," म्हणाली आणि खाली बसली. बाकावर तिच्या दोन्ही बाजूंना जागा झाली.

तिने सहा महिने औषध घेतलं, एकही दिवस न चुकवता. ब्रदर लवकरच परभणीकडे गेला. तिथेही लोक आजारी पडतातच. चर्चसाठी जुन्या जालन्यातून प्लास्टिकचे पेले आले. आता ते चर्चचा कारभारी धूत होता. मी सेक्रेटरी साहेबरावांना जाऊन सांगितलं, की टीबी पेल्यांनी पसरत नाही, बंद खोलीतल्या खोकल्याने पसरतो. ते हसले.

"तुमचं बराबर असंल, बाई. पन त्या दिवशी हे न्हाई बोलल्या तुम्ही."

फेब्रुवारीत तिचा शेवटचा रिपोर्ट आला. खिडकीतून न देता मी बाहेर गेले आणि तिच्या शेजारी बाकड्यावर बसले.

"जंतू गेले, केशरबाई. तुम्ही बऱ्या झालात."

तिने कागद उलटसुलट करून पाहिला. "हे बी तिथंच सांगा ना, बाई. तेवढ्याच मोठ्यानं."

मार्चच्या पहिल्या रविवारी मी त्याच बाकापाशी उभी राहिले आणि सांगितलं. पेल्यांचंही सांगितलं. लोक आमेन म्हणाले. काहींनी मागे वळूनही पाहिलं.

मग साहेबराव भरलेल्या पेल्यांचं तबक घेऊन ओळीओळीने फिरले. शेवटच्या बाकाशी आले तेव्हा केशरबाईने पिशवीतून रुमालाची पुरचुंडी काढली. आत जुन्यांपैकी एक काचेचा पेला होता. तो तिने उजेडात धरून पाहिला आणि पुढे केला. साहेबरावांनी तबकातला एक पेला उचलला आणि वीतभर उंचीवरून तिच्या पेल्यात रिकामा केला. थोडा द्राक्षारस तिच्या बोटांवर सांडला.

चर्चमधली भक्ती संपल्यावर ती बाहेरच्या नळापाशी गेली. पेला धुतला, पुन्हा धुतला आणि उन्हाकडे धरून बघत उभी राहिली.