बिरोबाच्या ढोलाचं खोड

मी एक जुना ढोल आहे, आणि आता जे सांगणार आहे त्यावर कुणाचा विश्वास बसणार नाही, याची मला खात्री आहे. एकदा बिरोबाच्या जत्रेत माझ्यावर टिपरू पडलं आणि तिकडं आटपाडीच्या माळावर चरणाऱ्या मेंढरांनी गजी नाचाचा फेर धरला. राखणीचं कुत्रंसुद्धा मागच्या दोन पायांवर नाचलं. हसू नका, मित्रांनो. पुढं याहून अवघड आहे.

माझं खोड अखंड कडुलिंबाचं. कवठे महांकाळजवळच्या वस्तीवर कोंडीबा धनगराच्या आज्यानं ते पोखरलं. ढोलाचं कातडं फाटतं, दोर झिजतात, ते बदलायचेच असतात. खोड मात्र तेच राहतं. या घरची रीत अशी, की नवं कातडं चढवण्याआधी कर्त्या माणसानं खोडाच्या पोटात मूठभर भंडारा टाकायचा. आज्यानं टाकला, बापानं टाकला, कोंडीबानं टाकला. त्यामुळं पोट आतून पिवळंधमक.

लढाईमुळं सगळ्याची टंचाई होती त्या दिवसांत खोडाला भेग गेली आणि आवाज घोगरा झाला. जत्रा तोंडावर आलेली. कोंडीबा ढोल खांद्यावर मारून सांगलीला जोतीराम सुताराकडं गेला.

"भेग तेवढी सांधायची. दुसऱ्या कशाला हात लावायचा न्हाई."

"आवं पावनं, नवाकोरा करून देतो!"

"नवा पायजे असता तर तुज्याकडं कशाला आलो असतो? झाड तोडलं असतं."

जोतीराम नुसता हसला. मित्रांनो, जुन्या वस्तूकडं बघून जो असा हसतो, त्याला एकटं सोडू नये. त्याच्या डोळ्यांत ती वस्तू आधीच चकाकायला लागलेली असते.

कोंडीबाची पाठ वळली आणि मी पहारा सुरू केला. भिंतीला टेकून उभा राहिलो आणि एकूण एक गोष्ट पाहिली. जोतीरामानं कातडी उतरवली. "काय ही घाण!" म्हणत पिवळी धूळ अंगणात झटकली, पोट खरवडून धुतलं. भेगेत सरस भरला, ती पुन्हा उकलली. पुन्हा भरला, आणखी उकलली. शेवटी वैतागून त्यानं खोड फोडलं आणि सरसाच्या भांड्याखालच्या चुलीत सारलं. कोळसा कुठं मिळत होता तेव्हा? एवढं धुऊनही जळताना हळदीचा असा वास सुटला म्हणता! मग त्यानं जुनी कातडी माझ्यावर चढवली, जुने दोर आवळले, पॉलिश फासलं आणि मला उन्हात ठेवलं.

कोंडीबा आला. आधी त्यानं कातड्यावरची शिवण चाचपली. "टाका माझ्याच हातचा हाय." मग खोडावरून बोट फिरवलं.

"भेग कुठाय?"

"दिसंनाशी केली! काम हाय आपलं!"

"मी सांधाय सांगितली हुती. लपवाय न्हाई." त्यानं बाजूच्या भोकाला नाक लावलं. "भंडारा?"

"घाण हुती ती. धुतली."

"घाण? आरं, माझ्या आज्याची मूठ हुती ती!"

जोतीराम रंधा पुसत बसला. कोंडीबा मला घेऊन निघाला, पण वाटेत त्यानं तीनदा खाली ठेवून मला न्याहाळलं.

जत्रेत मी दणदणून वाजलो. लोक म्हणाले, आवाज खुलला.  तेव्हापासून सांजच्याला कोंडीबा माझ्या पोटावर कान ठेवून विचारतो, "तूच हायस न्हवं?" आणि मी छाती ठोकून सांगतो, धूम! मीच.

म्हणून मित्रांनो, एक विनंती आहे. जुन्या वस्तूची भेग सांधा, पण दिसू द्या. तिच्यात साठलेलं झटकण्याआधी ते कुणी ठेवलं होतं, ते विचारा. आणि नवी वस्तू जुनी म्हणून कुणाच्या गळ्यात मारू नका. मी त्या सुताराच्या हातून वाचलो, म्हणून तर आज तुमच्याशी...

"थांब रं, भाड्या!" देवळाच्या ओट्यावर लोकर कातत बसलेली दगडाबाई, कोंडीबाची बायको, ओरडली. "खोड तर जळालं म्हनतोस. मग भिंतीला टेकून त्याचा वास घेत कोन हुभा हुता? आन् माझ्या म्हाताऱ्याला रोज 'मीच, मीच' म्हनतोयस?"

कोंडीबा शेजारीच बसून माझा दोर आवळत होता. त्याचा हात थांबला.